धारवाडची वाट

बेळगाव ते धारवाड हे अंतर पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास. सकाळी सातच्या गाडीत बसलेला प्रवासी नऊच्या आतबाहेर धारवाडच्या स्थानकावर उतरतो आणि काम आटोपून, पेढ्यांचा पुडा काखोटीस मारून, दिवेलागणीस घरी परततो. इतक्या जवळच्या गावावर प्रवासलेख तो काय लिहावयाचा, असे वाचकांस वाटल्यास नवल नाही. परंतु ही वाट आम्ही आयुष्यात दोन वेगळ्या निमित्तांनी चाललो. पहिल्या खेपेस विद्यार्थी म्हणून, दुसऱ्या खेपेस बाप म्हणून. त्या दुसऱ्या खेपेची ही हकिकत आहे.

१९९२ साली मराठी विषय घेऊन एम. ए. करण्यासाठी आम्ही कर्नाटक विद्यापीठात दाखल झालो. त्या वयात धारवाड म्हणजे जी. ए. कुलकर्णी यांचे गाव, एवढीच आमची भूगोलाची व्याख्या होती. जी. ए. १९८७ सालीच निवर्तले होते, आणि त्यापूर्वीच त्यांनी धारवाड सोडले होते. तरीही ज्या रस्त्यांनी ते संध्याकाळी फिरत असतील असे वाटे, त्या रस्त्यांनी आम्ही उगाच हिंडत असू. साधनकेरीच्या बाजूला गेलो की द. रा. बेंद्रे यांचे स्मरण होई. घरात मराठी बोलणारा हा पुरुष कन्नडचा महाकवी झाला आणि १९७३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचा मानकरी ठरला, याचा आम्हां सीमेवरच्या मुलांना केवढा आधार वाटे! आम्ही गेलो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मल्लिकार्जुन मन्सूर यांचे निधन झाले. शब्द आणि सूर यांचे ते गाव आम्हाला दोन वर्षांत आपलेसे वाटू लागले.

परंतु आमच्याकडील मराठी घरांत 'धारवाड' या शब्दाला आणखी एक अर्थ होता, आणि तो मोठ्याने उच्चारला जात नसे. महाराष्ट्रातील लोक ज्या सुरात ठाण्याचे किंवा येरवड्याचे नाव घेत, त्याच सुरात आमच्याकडे 'याला धारवाडला न्यायला हवे' असे म्हणत. धारवाडचे मनोरुग्णालय १८४५ सालचे, म्हणजे मुंबई इलाख्याच्या काळातले. आज त्याची मानसिक आरोग्य आणि मज्जासंस्थाविज्ञान संस्था झाली आहे आणि लोक तिला 'डिमहान्स' म्हणतात. नाव पालटले तरी आमच्या बोलण्यातला तो जुना सूर अद्याप पुरता गेलेला नाही.

तो सूर आमच्या घरावर प्रथम पडला तो एका लग्नाच्या मांडवात. २०११ साल होते. आमचा धाकटा तेव्हा तीन वर्षांचा. बँडचा पहिला ठोका पडताच त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मांडवाच्या खांबाला पाठ लावून तो जो बसला, तो वरात गेली तरी हलला नाही. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हसत म्हटले, "याला धारवाडचे पाणी दाखवा." सगळे हसले. आम्हीही हसलो. आमच्या सौ. मात्र हसल्या नाहीत.

पुढे धाकटा वाढत गेला आणि आमच्याकडे चिंतेपेक्षा अभिमानाचीच कारणे अधिक जमा होत गेली. तो वेळेवर बोलू लागला, आणि बोलू लागला तो थेट ग्रांथिक मराठीत! "आई, मला आता तहान लागलेली आहे," असे चार वर्षांचे मूल म्हणे, आणि आमच्यासारख्या मराठीच्या मास्तराला धन्य धन्य वाटे. आकाशवाणीवरील बातम्या तो त्याच स्वरात म्हणून दाखवी. नद्यांची उगमस्थाने, उपनद्या, लांबी, पाणलोट क्षेत्रे त्याला तोंडपाठ. पाहुण्यांसमोर आम्ही त्याला उभे करीत असू. गल्लीतली मुले कन्नड मिसळलेली बेळगावी मराठी बोलत क्रिकेट खेळत, आणि हा ओट्यावर बसून नकाशे काढी. 'आमचा मुलगा शुद्ध बोलतो, म्हणून त्याचे या पोरांशी जमत नाही,' अशी समजूत आम्ही करून घेतली होती, आणि ती आमच्या व्यवसायाला शोभणारीही होती.

एकच ताट, एकच जागा, शाळेला जाण्याचा एकच रस्ता. रस्ता खणलेला असला की रडारड. जेवणात दोन पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नसत. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो गप्प होत गेला. एका डॉक्टरांनी सांगितले, मोठा झाला की सुधारेल. सोळाव्या वर्षी दुसऱ्या एकांनी सांगितले, आता एवढा मोठा झाला, आता तपासून काय करणार? ही दोन्ही वाक्ये आम्ही मुकाट्याने ऐकून घेतली. पहिल्याने थांबायला सांगितले होते आणि दुसऱ्याने थांबलात म्हणून दार लावून घेतले होते, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

२०२५ सालच्या परीक्षेत त्याची खोली आयत्या वेळी बदलली. तो नेमून दिलेल्या पहिल्या खोलीतच बसून राहिला. हाताला धरून दुसरीकडे नेले तेव्हा अर्धा तास गेला होता. पुढे त्याने भूगोलाच्या पेपरात एकाच प्रश्नाचे उत्तर चौदा पाने लिहिले. बाकीचे प्रश्न तसेच राहिले. त्यानंतर दोन महिने त्याने घराचा उंबरा ओलांडला नाही.

याच सुमारास आमच्या सरकारी मराठी शाळेत एक शिक्षिका आल्या. समावेशक शिक्षणासाठी तालुक्यातील शाळांतून त्या फिरत असतात. दुसरीतल्या एका मुलीविषयी त्या आम्हाला प्रश्न विचारीत होत्या. नाव घेऊन हाक मारली की ती वळून पाहते का? दुसऱ्या मुलाला आपली वस्तू दाखवायला आणते का? ठरलेल्या क्रमात बदल झाला तर काय करते? मुलीविषयीची उत्तरे आम्हाला नीट देता येईनात, पण मनात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार होते, आणि ते उत्तर आमच्याच घरातले होते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही बराच वेळ कचेरीत बसून राहिलो. तीस वर्षे हजारो मुलांच्या प्रगतिपुस्तकांत शेरे लिहिणाऱ्या माणसाला आपल्या ओट्यावरचे मूल वाचता आले नव्हते.

जुलैतल्या एका सोमवारी आम्ही तिघे धारवाडच्या गाडीत बसलो. धाकट्याला आम्ही तीन दिवस आधी सगळे सांगून ठेवले होते: गाडीची वेळ, कोणत्या बाजूची खिडकी, परतण्याचा अंदाज. त्याने एकच अट घातली. काम झाल्यावर सोमेश्वराला जायचे, कारण तेथे शाल्मला नदी उगम पावते. आम्ही ती कबूल केली.

गाडी गावाबाहेर पडताच हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध दिसला. "उद्घाटन २०१२," धाकटा म्हणाला. हिरेबागेवाडी मागे पडली. पावसाने शेते न्हाऊन निघाली होती. एम. के. हुबळीपाशी मलप्रभेचा पूल आला, तेव्हा तो ताठ बसला आणि दोन महिन्यांत प्रथमच आपणहून सलग बोलू लागला. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तेथून पश्चिमेचा समुद्र अगदी जवळ. पण ती त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. शाल्मलेचे उलटे आहे. ती धारवाडला, समुद्रापासून इतक्या आत जन्मते, आणि बेडती, गंगावळी अशी नावे घेत पश्चिमेला जाते. सौ.नी आमच्याकडे पाहिले. मुलाचा आवाज ऐकून त्यांचे डोळे भरून आले होते, आणि आमचे काही निराळे नव्हते. कित्तूर आले. १८२४ साली राणी चन्नम्मांनी कंपनीच्या फौजेला येथे धूळ चारली आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, हे एरवी आम्ही सांगितले असते. त्या दिवशी आम्ही ऐकण्याचेच काम केले.

इस्पितळाच्या दारात पाऊल ठेवताना मांडवातले ते हसणे कानात आले, हे कबूल केले पाहिजे. आत मात्र आमच्यासारखीच माणसे होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले शेतकरी, कडेवर मुले घेतलेल्या बाया, हातात फायली धरलेले तरुण. नाव नोंदवले, डॉक्टरांनी पाहिले, आणि पुढे मानसशास्त्रज्ञ असलेल्या एका तरुण बाईंकडे आम्हाला पाठविले. त्या विजयपूरकडच्या. मराठी त्यांना समजे, बोलता येत नसे. आमचे बेळगावी कन्नड आणि त्यांचे हिंदी यांच्या जोडकामावर सगळा संवाद चालला.

आमची समजूत अशी होती की तपासणी म्हणजे रक्त घ्यायचे, डोक्याचे चित्र काढायचे आणि निकाल सांगायचा. स्वमग्नता सांगणारी अशी रक्ततपासणी नाही. मूल कसे वाढले याचा इतिहास, आणि आज ते कसे वागते याचे निरीक्षण, या दोन पायांवर ही तपासणी उभी असते. ऐकू कमी येते का, फिट्स येतात का, उदासपणा किंवा चिंतेचा विकार आहे का, हेही पाहून घेतात, कारण त्यांची लक्षणे यात मिसळलेली असू शकतात. बुद्धीची चाचणी वेगळी. भारतात स्वमग्नतेसाठी जी मापनश्रेणी सरकारने मान्य केली आहे, ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. तिच्यात सहा गटांत ४० विधाने आहेत. प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या आत राहिली तर स्वमग्नता नाही असे धरतात.

मोठ्या मुलाच्या बाबतीत अडचण निराळीच. लहानपणी जे उघड दिसते, ते सतरा वर्षांच्या मुलाने झाकायला शिकून घेतलेले असते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहता येत नाही, म्हणून तो कपाळाकडे पाहतो. हसायचे केव्हा हे कळत नाही, म्हणून इतर हसले की हसतो. त्यामुळे जुना पुरावा मोलाचा ठरतो. साधन-शिक्षिकेच्या सांगण्यावरून आम्ही पहिलीपासूनची प्रगतिपुस्तके, लसीकरणाचे कार्ड आणि चित्रकलेच्या वह्या नेल्या होत्या. सौ.नी मात्र आम्हाला न सांगता एक वस्तू पिशवीत घातली होती: त्या २०११ च्या लग्नाची सीडी, भाच्याने मोबाइलवर उतरवून दिलेली. खांबाला पाठ लावून कान झाकून बसलेले ते तीन वर्षांचे पोर बाईंनी दोनदा पाहिले. चौदा वर्षांपूर्वी ज्या प्रसंगाला सगळे हसले होते, त्याची कोणीतरी प्रथमच नोंद करून घेतली.

मग त्यांनी आम्हाला एक प्रश्न विचारला, जो आम्ही आजन्म विसरणार नाही. "सर, हा असे पुस्तकासारखे बोलतो, ते घरात तुम्ही असे बोलता म्हणून?"

आम्ही म्हणालो, "आमच्या घरात मराठीची शिस्त आहे."

"आणि गल्लीतल्या मुलांशी?"

उत्तर सौ.नी दिले. "मॅडम, थोरला याच घरात वाढला. तो माझ्याशी एक बोलतो, गल्लीत दुसरे बोलतो, दुकानात कन्नड बोलतो. हा सगळीकडे असाच बोलतो. भाजीवालीशीसुद्धा."

बाईंनी लेखणी खाली ठेवून मान हलवली. सीमेवरच्या मुलाला तीन भाषा सांभाळाव्या लागतात, हे आम्ही प्रत्येक वेगळेपणावर पांघरूण म्हणून वापरले होते. बोलत नाही, तर भाषेमुळे. मिसळत नाही, तर माध्यमामुळे. परंतु समोरचा माणूस पाहून बोली बदलणे हे भाषेच्याही आधीचे कसब आहे, आणि आमच्या धाकट्याला ते लाभलेच नव्हते. ज्या शुद्धतेला आम्ही बक्षिसे दिली, ती त्याची एकाकी वाट होती.

त्या दिवशी काम पुरे झाले नाही. तपासणीला आणखी एक खेप लागणार होती. बाहेर पडून आम्ही रिक्षा केली आणि गावाच्या कडेला सोमेश्वराच्या देवळापाशी गेलो. पाणी पाहून धाकटा खाली बसला, हात भिजवला, घड्याळ पाहून बरोबर दहा मिनिटे थांबला आणि म्हणाला, "आता आपण घरी जाऊ शकतो." लाईन बाजारातून पेढे घेतले. त्यावरची साखर दाताखाली करकरते म्हणून तो ते खात नाही. दरवेळी आम्ही 'एक तरी खा' म्हणून आग्रह करीत असू. त्या दिवशी केला नाही.

ऑगस्टात पुन्हा गेलो. निष्कर्ष स्पष्ट होता: स्वमग्नता आहे, सोबत चिंतेचा त्रास आहे, बुद्धीत उणेपणा नाही. बाईंनी आम्हाला सांगण्यापूर्वी धाकट्याला विचारले, "तुझ्याविषयीचे आहे. तुला ऐकायचे आहे का?" त्याने होकार दिला. लिओ कॅनर यांनी १९४३ साली आणि हान्स अस्परगर यांनी १९४४ साली अशा मुलांचे वर्णन केले, येथपासून त्यांनी त्याला समजावून सांगितले. हा मनाचा रोग नव्हे. मेंदूची घडणच जन्मतः निराळी. ती पालटणारे औषध नाही. चिंता, झोप यांवर उपचार करता येतात, आणि भोवतालच्या माणसांना आपली रीत थोडी बदलता येते.

'स्वमग्न' हा शब्द आम्ही त्याला मराठीतून सांगितला. तो विचार करून म्हणाला, "हा शब्द चुकीचा आहे. मी स्वतःत मग्न नसतो. मी नद्यांत मग्न असतो." मराठीची पदवी असलेल्या आम्हाला यावर उत्तर सुचले नाही.

मग त्याने विचारले, "असे किती लोक आहेत?" बाईंनी जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज सांगितला: जगात दर १२७ माणसांमागे एक. तो आमच्याकडे वळला. "बाबा, आपल्या शाळेचा पट किती?"

"चारशे."

"म्हणजे तीन पूर्णांक पंधरा शतांश," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

वाचकहो, परतीच्या वाटेवर आम्हाला कित्तूर केव्हा गेले आणि मलप्रभा केव्हा आली हे कळले नाही. प्रत्येक वर्षी तीन मुले, अशी तीस वर्षे. आम्हाला एक मुलगा आठवला. घंटा झाली की तो कान झाकून टेबलाखाली जाई. त्याची भीती मोडावी म्हणून आम्ही त्यालाच घंटेपाशी उभे केले होते, एक संबंध आठवडा. तो चौथीनंतर शाळेत आला नाही. वडिलांची बदली झाली असेल, असे त्या वेळी आम्ही रजिस्टरात पाहण्याचेही कष्ट न घेता ठरवून टाकले.

आता व्यवहाराचे चार शब्द. १९९५ च्या अपंगविषयक कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आले, त्यांत ती आहे. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा अधिक असल्यास, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ मिळू शकतो. आम्ही कॉलेजकडे तसा अर्ज केला, आणि खोली आधी दाखवावी, आयत्या वेळी बदलू नये, एवढी विनंती त्यात जोडली. प्राचार्यांनी ती मान्य केली. मुलाला न्यायचे असेल तर जुनी प्रगतिपुस्तके, वह्या, घरगुती समारंभांची चित्रे जपून न्यावीत, आणि ज्या माणसाने मूल रोज पाहिले आहे, त्याला बोलू द्यावे. बहुतेक घरांत ती आई असते, आणि बोलतो मात्र बाप. मुलाला आपल्या भाषेत उत्तर देऊ द्यावे. दुभाषा लागला तर तसे आधी सांगावे, म्हणजे न समजलेला प्रश्न हा मुलाचा दोष म्हणून लिहिला जाणार नाही. सतरावे वर्ष उशिराचे खरे, पण पुढे उभे आयुष्य पडलेले असते.

धाकटा आता पुन्हा कॉलेजला जातो. मित्र अजून नाही. पण घरात 'असे का वागतोस' हा प्रश्न थांबला आहे, आणि त्याच्या जागी 'तुला काय सोयीचे' हा प्रश्न आला आहे. बदल म्हणावा तर इतकाच.

गेल्या महिन्यात आम्ही दुसरीच्या वर्गातील त्या मुलीची जागा घंटेपासून दूरच्या भिंतीला नेली. घंटा देण्यापूर्वी शिपाई तिला बोटे दाखवून सांगतो: तीन, दोन, एक. तिच्या पालकांना आम्ही शाळेत बोलावले आणि धारवाडला जाऊन यावे असे सांगितले. तो शब्द ऐकताच मुलीच्या आजीने पदराने तोंड झाकले. तेव्हा आम्ही म्हणालो, "आजी, भिऊ नका. आम्ही आमच्या मुलाला घेऊन तेथेच गेलो होतो. वाट चांगली आहे. हवी तर बरोबर येतो."